टेक्सासमध्ये प्रॉपर्टी टॅक्स प्रोटेस्ट करताय? या चुका टाळा

एप्रिलमध्ये अप्रेझल डिस्ट्रिक्टची, म्हणजे टॅक्ससाठी घराची किंमत ठरवणाऱ्या सरकारी कार्यालयाची, नोटीस आली की व्हॉट्सॲप ग्रुपवर बोंबाबोंब सुरू होते, पण मे निम्मा सरतो तरी अर्ध्या लोकांनी प्रोटेस्ट, म्हणजे त्या किमतीवरची हरकत, फाईलच केलेला नसतो. मुदत 15 मे किंवा नोटीस पोस्टात टाकल्यापासून 30 दिवस, यातली जी नंतर येईल ती. फाईल करायला पैसे लागत नाहीत, पुरावे नंतर जोडता येतात, त्यामुळे आधी फाईल करून मोकळे व्हा.

फाईल करताना कारणं दोन्ही टिक करा, मार्केट व्हॅल्यू जास्त लावली हे आणि आसपासच्या घरांच्या मानाने जास्त लावली हेही. बरेच जण पहिल्यावरच थांबतात आणि मग अडकतात, कारण टेक्सासमध्ये घर कितीला विकलं हे जाहीर करायची सक्तीच नाही, ते आकडे बहुतेक वेळा ओळखीच्या रिअल्टरकडूनच मिळतात. शेजाऱ्यांची व्हॅल्यू मात्र डिस्ट्रिक्टच्या साईटवर कुणालाही दिसते. तिथेच स्वतःच्या घराचे स्क्वेअर फूटही बघून घ्या, नोंद चुकीची निघाली तर अर्धं काम झालंच. आणि डिस्ट्रिक्ट तुमच्याविरुद्ध काय पुरावा मांडणार तो मागून घ्या, हिअरिंगच्या, म्हणजे सुनावणीच्या, 14 दिवस आधी द्यावाच लागतो.

आता हिअरिंग. आपली माणसं तिथे जाऊन "टॅक्स परवडत नाही हो, दरवर्षी वाढतोच आहे" हेच सांगत बसतात. प्रोटेस्ट ऐकणाऱ्या रिव्ह्यू बोर्डाला त्याचं काही घेणंदेणं नसतं, रेट स्कूल डिस्ट्रिक्ट, काउंटी, सिटी हे ठरवतात. बोर्डापुढे प्रश्न एवढाच की 1 जानेवारीला घराची किंमत किती होती. म्हणजे एप्रिलच्या गारपिटीत छप्पर फुटलं ते चालणार नाही, पण डिसेंबरात फाउंडेशनला तडा होता तर तो चालतो. डॅलसकडची जमीन मराठवाड्यातल्या काळ्या रानासारखीच आहे, पावसात फुगते, उन्हात भेगाळते, त्यामुळे दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली भेग इथे घरोघरी सापडते. नुसतं तोंडी सांगू नका, फोटो आणि रिपेअरवाल्याचं लेखी एस्टिमेट द्या.

होमस्टेडवाल्यांचा, म्हणजे स्वतः राहतात त्या घरावर सवलत घेतलेल्यांचा, एक घोळ ठरलेला. टॅक्स लागतो तो अप्रेझ्ड व्हॅल्यूवर, आणि ती वर्षाला 10 टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. या कॅपमुळे मार्केट व्हॅल्यू 6 लाख डॉलर आणि अप्रेझ्ड 5 लाख 20 हजार असेल, तर मार्केट 5 लाख 60 हजारांवर आणून यंदा एक डॉलरही वाचत नाही. उलट घर नवीन घेतलं असेल तर पहिल्या वर्षी अजिबात आळस करू नका, कॅप पुढच्या वर्षापासून लागते आणि तीही याच आकड्यावर.

डिस्ट्रिक्टची सेटलमेंट ऑफर घाईत ॲक्सेप्ट करू नका, एकदा हो म्हटलं की त्या वर्षापुरता विषय मिटला. बोर्डाचा निकाल पटला नाही तर 60 दिवसांत आर्बिट्रेशन (लवाद) किंवा कोर्ट आहे, पण वाद चालू आहे म्हणून बिल थकवू नका, 31 जानेवारी उलटून गेली तर पेनल्टी बसतेच, वर पुढे भांडायचा हक्कही जाऊ शकतो.