माप कामात घ्यावं: घरी घालायच्या गाऊनविषयी

सकाळी सहा-साडेसहाला गोव्यातल्या आमच्या म्हार्दोळला पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजतो आणि वाड्यावरच्या बायका पाव घ्यायला फाटकापर्यंत येतात. मी बावीस वर्षं शिवणाच्या मशीनवर बसते, त्यामुळे माझी नजर आधी गाऊनवर जाते. कुणी एका हाताने गळा धरलेला असतो, कुणी घाईघाईत ओढणी ओढून घेतलेली असते, कुणी पायात येतो म्हणून घोळ मुठीत उचललेला. एका हातात पाव, दुसऱ्या हाताने गाऊन सावरायचा. लग्नाकार्याच्या ब्लाउजचं माप दोनदा तपासून घेणारी बाई दिवसाचे चौदा-पंधरा तास ज्यात वावरते तो कपडा मात्र 'फ्री साइज' म्हणून पिशवीत टाकून आणते, हे मला मनापासून खटकतं. घरातला कपडा हा कामाचा कपडा आहे. तो मापानेच शिवला पाहिजे, आणि ते मापही काम करता करता घेतलं पाहिजे.

माझ्याकडे जी येते तिला मी आधी पाटावर बसवते, आदोळीवर, म्हणजे खोवणीच्या विळीवर, नारळ खोवायला बसतो तशी. बसल्यावर कमरेखालचं माप उभ्यापेक्षा दीड-दोन इंच वाढतं, हे मी कित्येकींच्या अंगावर टेप लावून पाहिलंय. ते वाढलेलं माप धरायचं आणि त्यावर दहा इंच सैल ठेवायचं. छातीच्या मापावर आठ इंच. अडतीस छाती असेल तर कापड शेहेचाळीस. यापेक्षा जास्त सैल केलं की गाऊन मोकळा होत नाही, नुसता लोंबतो, आणि लोंबणारं कापड भांड्यात, दाराच्या कडीत, गॅसवर जातं.

मग तिला उभं करून सांगते, माळ्यावरचा डबा काढतेस तसा हात वर कर. खरी गंमत इथेच आहे. हात वर केल्यावर गाऊनची खालची किनार दोन-तीन बोटं वर गेली तर ठीक. वीतभर वर गेली तर मुंढा, म्हणजे बाही जोडायचा गोलावा, चुकलाय. बहुतेक जणी म्हणतात, मुंढा घट्ट आहे, अजून खोल कर. खोल केल्याने उलट बिघडतं, कारण मुंढा जितका खाली उतरतो तितका हात वर करताना सगळा गाऊन ओढला जातो. उपाय म्हणजे काखेत कळी. त्याच कापडाचा चार इंचांचा चौकोन कापायचा. बाहीची शिवण आणि बगलेची शिवण जिथे भेटतात तिथे दोन्हीकडे अडीच-अडीच इंच उसवायचं, आणि तो चौकोन कोपऱ्यावर उभा धरून, पतंगासारखा, त्या फटीत बसवायचा. चारही कोपऱ्यांना सुई कापडात ठेवूनच मशीनचा पाय उचला आणि वळवा, नाहीतर कोपऱ्यात चुणी पडते आणि ती काखेत टोचते. शिवण झाल्यावर आतली माया, म्हणजे शिवणीबाहेरचं कापड, पाव इंच ठेवून कापा, कडा दुमडून पुन्हा एक टीप मारा. माझ्या आजीच्या चोळीला आणि आजोबांच्या बाराबंदीला काखेत असा तुकडा असायचा. तयार गाऊनला तो कधीच नसतो, पण तुम्ही घरी अर्ध्या तासात बसवू शकता. त्याच कापडाचा तुकडा नसला तर घोळ आखूड करून निघालेली पट्टी वापरा.

घोळ तर बहुतेकींचा आखूड करावाच लागतो. खांद्याच्या वरच्या टोकापासून घोट्याच्या वर चार बोटं, एवढीच लांबी. जमिनीला टेकणारा गाऊन आरशात बरा दिसतो आणि न्हाणीच्या ओल्या पायरीवर घात करतो. शेजारच्या काकी अशाच एका पावसाळ्यात हातात बादली घेऊन चढताना स्वतःच्याच घोळावर पाय देऊन पडल्या आणि तीन आठवडे झोपून होत्या. आपल्या कुणबी बायकांची लाल चौकड्यांची साडी पाहा: आखूड, खांद्यावर घट्ट गाठ, चिखलात वाकून भात लावायला दोन्ही हात मोकळे. कोलवाळचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ती साडी पुन्हा लोकांसमोर आणली तेव्हा सगळे तिच्या रंगाबद्दल बोलले. मला तिची लांबी शहाणी वाटते. ज्या बाईने ती पहिल्यांदा नेसली तिने माप शेतातच घेतलं असणार.

आता कापड. गोव्याची हवा दमट, घाम सुकत नाही, तेव्हा घाम टिपणारं आणि लवकर वाळणारं कापड पाहिजे. रोजच्या गाऊनला केंब्रिक हे सुती कापड मला सर्वांत आवडतं. मलमल त्याहून थंड, पण अंग दिसतं म्हणून वरचा योक, म्हणजे खांद्यापासून छातीपर्यंतचा भाग, दुहेरी करावा लागतो. पॉपलीन टिकाऊ, जरा जाड, डिसेंबर-जानेवारीत ठीक. रेयॉनला सध्या फार मागणी आहे, अंगावर सुळसुळीत आणि गार लागतो हे खरं, पण ओला झाला की कमजोर होतो, पिळताना शिवणीपाशी विरतो आणि पावसात दोन-दोन दिवस वाळत नाही. आमच्याकडे जून ते सप्टेंबर पावसाची झड असते, तेव्हा हा हिशेब महत्त्वाचा.

'प्युअर कॉटन' असं लिहिलेलं बघून फसू नका. दुकानातून आणल्यावर कापडाच्या कडेचा एक धागा ओढा, चिमट्यात धरा आणि बशीवर काडी पेटवून त्याला लावा. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा येतो, राख बोटाने चुरली की भुगा होते. पॉलिएस्टर आक्रसतं, वितळतं आणि मागे काळा कडक मणी राहतो. उभा आणि आडवा, दोन्ही धागे जाळून बघा, कारण कधी कधी एक सुती आणि दुसरा मिसळीचा असतो. हे मी उगाच सांगत नाही. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी मी एक सुळसुळीत, मोठ्या झालरीच्या बाह्यांचा गाऊन घेतला होता, सुती म्हणूनच दिला होता. कढईमागचं मीठ घ्यायला हात पुढे केला आणि झालर पेटली. विझवली लगेच, पण ते कापड वितळून मनगटाच्या वर चिकटलं. डाग अजून आहे. सुती कापडही पेटतंच, किंबहुना चटकन पेटतं, म्हणून स्वयंपाकघरात घालायच्या गाऊनची बाही कोपराच्या वर संपली पाहिजे आणि तिला झालर, लेस, लोंबती नाडी काही नको. कुणी कितीही आग्रह केला तरी मी झालरीची बाही शिवून देत नाही.

कापड किती घ्यायचं? बावन्न इंच लांबीच्या गाऊनला चव्वेचाळीस इंच पन्ह्याचं, म्हणजे रुंदीचं, तीन मीटर पुरतं: पुढची आणि मागची लांबी मिळून दुमडीसकट पावणेतीन, उरलेल्यात बाह्या. कळी आणि खिसे काढायचे तर सव्वातीन घ्या. छत्तीस पन्ह्याला बाह्या वेगळ्या निघतात, म्हणून अर्धा मीटर वाढवा. शिवायच्या आधी कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवून, न पिळता वाळवून, इस्त्री करा. सुती कापड पहिल्या धुण्यात मीटरमागे सहज दीड-दोन इंच आटतं, आणि शिवून झाल्यावर आटलं की आधी मुंढाच आवळतो.

जुन्या सुती साडीचा गाऊन तर सर्वांत मऊ. साडी उजेडासमोर धरा, जिथे विरलेली दिसेल तिथे खडूने खूण करा आणि ते भाग सोडून कापा. साडेपाच मीटरमध्ये एक गाऊन होतो आणि पोरीचा एक फ्रॉकही.

गळा पुढून उघडा ठेवा, बटणं बेंबीपर्यंत. चेन लावू नका. दमट हवेत धातूची चेन गंजते आणि प्लॅस्टिकची टोचते. माझ्या सासूबाई जन्मभर नऊवारीत वावरल्या. पंच्याहत्तरीला त्यांचा उजवा खांदा धरला, हात वर होईना, कासोटा घालता येईना. गाऊन घालीन तर लोक काय म्हणतील, यावर आठवडाभर घरात बोलणं चाललं होतं. शेवटी मी त्यांच्या जुन्या इरकली साडीचाच गाऊन शिवला, काठ खाली आणि बाह्यांना, पुढून पूर्ण उघडा, मोठी चपटी बटणं, काजं आडवी. आधी दुखरा हात घालायचा, मग पाठीवरून कापड फिरवून दुसरा, काढताना उलटं. त्यांनी स्वतःच्या हाताने बटणं लावली आणि तुळशीपाशी दिवा लावायला गेल्या. पुढच्या गाऊनला त्यांनीच खिसा मागितला, जपमाळेसाठी.

अंगावर पाजणारीला मात्र पुढची बटणं अडचणीची. तिला योकच्या शिवणीत दोन्ही बाजूंना सहा-सहा इंचांच्या फटी ठेवून वरून चुण्यांची झाक द्या. सिझेरियन झालेलीला महिना-दोन महिने इलॅस्टिकचा नेफा नकोच, टाक्यांवर काचतो. ज्यांना पायजमाच आवडतो त्यांनी इलॅस्टिक कमरेच्या मापाला फक्त दोन इंच कमी घ्यावं आणि रुंद, सव्वा इंचाचं घ्यावं.

योक नेहमी दुहेरी करा, पुढून छातीच्या खालपर्यंत. आत शमीज घातलेली नसली तरी फाटकापर्यंत निर्धास्त जाता येतं, ओढणी शोधावी लागत नाही. नुस्तेकार, म्हणजे मासेवाला, दारात उभा असताना हा एवढा फरक किती सुखाचा असतो, हे माझ्याकडून दुहेरी योक शिवून घेतलेल्या बायका येऊन सांगतात. खिसा बाजूच्या शिवणीत घ्या, सहा इंच रुंद, सात इंच खोल, आणि त्याची वरची कड पट्टीने योकच्या शिवणीला टाचा, म्हणजे मोबाईलच्या वजनाने गाऊन एका बाजूला झुकत नाही. वरून लावलेला खिसा दाराच्या कडीत अडकून फाटतो.

पावसाळ्यातलं सांगून टाकते, कारण कपडा कितीही चांगला शिवला तरी ओला घातला तर सगळं फुकट. दिवसभर दोरीवर असलेला गाऊन हाताला कोरडा लागतो, पण काखेची शिवण, नेफा, योकची आतली बाजू ओलीच असते. तोच अंगावर चढला की काखेत, छातीखाली, जांघेत खाज आणि नायटा. घालण्याआधी त्या तीन जागी इस्त्री फिरवा, वाफ निघायची थांबेपर्यंत. खोलीत वाळवताना दोन गाऊनमध्ये वीतभर अंतर ठेवा आणि पंखा खालून लागेल असं बघा. सॉफ्टनर घालू नका, त्याने सुती कापडाची घाम टिपायची ताकद कमी होते. पावसाळ्याला पाच गाऊन लागतात, एरवी तीन पुरतात.

कापड मागे बसायच्या जागी विरलं की गाऊन पुसण्यासाठी काढा. बटणं आधी कापून डबीत टाका आणि काखेच्या कळ्या उसवून ठेवा. त्या शेवटपर्यंत शाबूत असतात, पुढच्या गाऊनचा नमुना म्हणून कापडावर ठेवायला बऱ्या.