जुन्या गाडीत कूलंट टाकताय? आधी या चुका टाळा

"दादा, जुनी मारुती ८०० घेतलीय. कूलंट हिरवा टाकू की लाल?"

हा प्रश्न मला महिन्यातून तीन-चारदा तरी येतो. गाडी काल घेतलेली असते, कॅन आज आणलेला असतो आणि उत्तर आत्ताच्या आत्ता हवं असतं. मी उलट विचारतो, "रेडिएटर कशाचा आहे? आणि आजवर गाडीत काय होतं, पाणी की कूलंट?" त्यावर पलीकडे शांतता.

रंगाचं आधी मिटवून टाकू. कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवायला रेडिएटरमध्ये भरतात ते ग्लायकोल आणि गंजरोधकाचं मिश्रण, आणि त्यातलं ग्लायकोल मुळात रंगहीन असतं. रंग कंपनी घालते, गळती चटकन दिसावी आणि दुकानात माल ओळखता यावा म्हणून. कुठल्या रंगाचा अर्थ काय, याचा सगळ्यांना बांधून ठेवणारा नियम नाही. जनरल मोटर्सचा डेक्स-कूल नारंगी आणि टोयोटाचा सुपर लाँग लाइफ गुलाबी. दोन्ही गंज रोखायला ऑरगॅनिक अ‍ॅसिडवाले, पण टोयोटाच्यात फॉस्फेट असतं, डेक्स-कूलमध्ये नसतं. वर बाजारात हिरव्या रंगाचे ऑरगॅनिक कूलंटही सर्रास मिळतात. त्यामुळे "आधी हिरवा होता म्हणून हिरवाच आणला" याला काही अर्थ नाही.

बघायचं ते आतलं रसायन. जुन्या पद्धतीच्या कूलंटमध्ये सिलिकेट किंवा फॉस्फेट असतं. ते धातूवर पटकन थर धरतं, पण लवकर संपतं, म्हणून दोन वर्षांत किंवा साधारण ४०,००० किलोमीटरला बदलायचं. ऑरगॅनिकवाला पाच वर्षं चालतो, पण त्याचं काम सावकाश सुरू होतं. जुन्या गाड्यांचे रेडिएटर तांब्या-पितळेचे आणि सांधे शिशाच्या डागाचे. पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडरला हेच. डाग आणि पितळ सांभाळायला जुन्या पद्धतीचा कूलंट मला जास्त भरवशाचा वाटतो. शिवाय काही ऑरगॅनिक कूलंटमधलं अ‍ॅसिड जुन्या गॅस्केटला मानवत नाही.

तुमचा रेडिएटर कुठला, हे ओळखायला मिस्त्री लागत नाही. वरखालच्या टाक्या धातूच्या, काळा रंग दिलेल्या, कडेला डागाची शिवण, आणि नखाने खरवडलं की आतून पिवळं दिसतंय, तर पितळेचा. टाक्या काळ्या प्लॅस्टिकच्या आणि जाळी पांढरट असेल तर कुणीतरी अ‍ॅल्युमिनियमचा बसवलाय. त्यात ऑरगॅनिक खुशाल टाका, फक्त आतली घाण आधी काढा. कॅनच्या मागे आयएस ५७५९ (भारतीय मानक) किंवा जेआयएस के २२३४ (जपानी मानक) हे आकडे शोधा. नुसतं 'सर्व गाड्यांसाठी' एवढंच छापलेला कॅन मी घेत नाही. हट्ट म्हणा हवं तर.

हिरव्यावर लाल ओतला तर स्फोट होत नाही. पण दोघांचंही आयुष्य घटतं, आणि नशीब फुटकं असेल तर आत जेलीसारखा गाळ धरतो. पाच वर्षांच्या कूलंटचे पैसे मोजून तो वर्षभरात वाया घालवायचा हा सोपा मार्ग.

आता माझी स्वतःची चूक. मामांची १९८९ची पद्मिनी वीस वर्षं विहिरीच्या पाण्यावर चालली होती. रोज सकाळी झाकण उघडायचं, तांब्याभर पाणी ओतायचं, निघायचं. मी तेव्हा नवा नवा शहाणा झालो होतो. हिरवं कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट आणलं, डिस्टिल्ड वॉटर आणलं, जुनं पाणी खालून सोडलं आणि नवं भरलं. फ्लश, म्हणजे आतून धुणं नाही, काही नाही. मामांना वर छोटं भाषणही दिलं.

तीन आठवड्यांनी पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी चढता चढता काटा लालमध्ये गेला आणि गाडीखाली हिरवं तळं साचलं. इंजिनाच्या ब्लॉकला बाहेरून वाटीसारखे पत्र्याचे प्लग ठोकलेले असतात. त्यातला नेमका गिअरबॉक्सच्या बाजूचा फुटला होता, म्हणजे गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय हात पोचणार नाही असा. मामा रस्त्याकडेच्या दगडावर बसून एवढंच म्हणाले, "तुझ्या त्या हिरव्या सरबतानं गाडी मारली रे."

मिस्त्रींनी तो प्लग काढून माझ्या तळहातावर ठेवला. आतून गंजून कागदासारखा झाला होता. गळायला तो केव्हाच मोकळा होता, वीस वर्षांच्या गंजाने आणि क्षाराच्या खपलीनेच त्याला बुजवून ठेवलं होतं. कूलंटने ती खपली सैल केली, इतकाच त्याचा गुन्हा. "कूलंट टाकला आणि रेडिएटर लीक व्हायला लागला" ही तक्रार मी आजही ऐकतो, आणि दर वेळी तो तळहातावरचा प्लग आठवतो.

तेव्हापासून पाण्यावर चाललेली गाडी हाती आली की माझा क्रम ठरलेला. रेडिएटर उतरवून रेडिएटरवाल्याकडे न्यायचा, टाक्या उघडून आतल्या चोंदलेल्या नळ्यांत रॉड मारून घ्यायचा. होज पाइप सगळे नवे. हाताला लागतील तेवढे प्लग बदलायचे, पितळी मिळाले तर उत्तम. वॉटर पंपाची, म्हणजे गॅरेजच्या भाषेतल्या 'वॉटर बॉडी'ची सील बघायची. मग थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारी झडप) तेवढ्यापुरता काढून नळाचं पाणी उलट्या दिशेने सोडायचं, स्वच्छ येईपर्यंत. मामांच्या गाडीचं पाणी स्वच्छ यायला अख्खा रविवार गेला. काही बहाद्दर संडास साफ करायचं अ‍ॅसिड ओततात. पाणी लगेच स्वच्छ येतं खरं, पण इंजिनाचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, तेही सोबत येतं.

कॉन्सन्ट्रेटमध्ये बोअरचं पाणी घालू नका. त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम आत खडीसारखं बसतं, फॉस्फेटवाल्या कूलंटमध्ये तर लवकरच. पेट्रोल पंपावर मिळणारं बॅटरीचं पाणी चालतं. मात्र बॅटरीचं पाणी आणि बॅटरीचं अ‍ॅसिड या दोन वेगळ्या बाटल्या आहेत, लेबल वाचा. घरच्या आरओच्या पाण्यात क्षार उरतातच. एसीचं ठिबकणारं पाणी साठवून आणणाऱ्या काटकसरी मंडळींना माझा नमस्कार, पण त्यात धूळ आणि कॉइलचं काय काय असतं. पाच लिटर पाण्यासाठी इतकी काटकसर कशाला?

प्रमाणाबद्दल थोडं. निम्मं निम्मं केलं की मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. आपल्याकडे महाबळेश्वरला वेण्णा लेकवर दव गोठलं तरी पेपरात फोटो येतो, त्यामुळे ती काळजी सोडा. आपल्याला कूलंट लागतो गंज रोखायला आणि उकळबिंदू वर न्यायला. एक तृतीयांशाच्या खाली जाऊ नका, गंजरोधक कमी पडतो. आणि "जास्त चांगलं" म्हणून नुसतं कॉन्सन्ट्रेटही भरू नका. उष्णता वाहून न्यायचं काम ग्लायकोलपेक्षा पाणी कितीतरी चांगलं करतं, त्यामुळे गाडी उलट जास्त तापते. फ्लशनंतर ब्लॉकमध्ये पाणी उरतंच, म्हणून मी हँडबुकातल्या क्षमतेच्या निम्मं कॉन्सन्ट्रेट आधी ओततो आणि उरलेली जागा डिस्टिल्डने भरतो. तयार मिश्रणाचा कॅन इथे घेतलात तर ते आणखी पातळ होणार.

दुसरी चूक अशी की ती ऐकली की माझं डोकं फिरतं. "गाडी गरम होत होती, म्हणून मिस्त्रीने वॉल काढून टाकला." वॉल म्हणजे थर्मोस्टॅट. आमच्या कॉलनीतल्या एका मुलाने ८००चा असाच काढून घेतला आणि मोठ्या आनंदात होता, काटा खालीच! दोन महिन्यांनी तक्रार घेऊन आला: चोक ओढल्याशिवाय गाडी चालत नाही, अ‍ॅव्हरेज पडलं. इंजिन तापतच नसेल तर दुसरं काय होणार? आणि घाटात ती अजूनही गरम व्हायचीच, कारण खरा रोग चोंदलेल्या रेडिएटरचा होता, त्याला कुणी हातच लावला नव्हता. थर्मोस्टॅट तपासायला पातेलं पुरतं. दोऱ्याला बांधून पाण्यात सोडा, गॅस लावा, त्यावर कोरलेल्या तापमानाजवळ उघडतोय का बघा. तळाला टेकू देऊ नका. पातेलं घरच्यांना विचारून घ्या, मी विचारलं नव्हतं.

बाकीचं पटापट. गळतीवर हळद टाकायचा जुना उपाय घरी पोचण्यापुरता खरा आहे, पण पोचल्यावर ती काढायची असते, वर्षभर मुरवायची नसते. पाण्यात सोल्युबल ऑइल घालणं बंद करा, होज फुगतात. रेडिएटरच्या झाकणाचं रबर कडक झालं की दाब टिकत नाही आणि चांगला कूलंटही उकळतो, झाकण बदला. भरताना हीटरचा नॉब गरमवर ठेवा, नाहीतर आत हवा अडकते. गरम इंजिनाचं झाकण उघडणाऱ्यांना मी काहीच सांगत नाही, ते एकदाच उघडतात.

काढलेला जुना कूलंट कोल्ड्रिंकच्या बाटलीत ठेवू नका आणि अंगणात सांडू नका. एथिलीन ग्लायकोल चवीला गोड आणि जिवाला घातक असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि जातात. मी तो ज्या कॅनमधून आला त्याच कॅनमध्ये परत भरतो, वर मार्करने 'विष' लिहितो आणि जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजवर देतो.

मामांची पद्मिनी अजून आहे. बॉनेटखाली मी तारेने एक पत्र्याची पट्टी बांधलीय: कूलंटचा प्रकार, प्रमाण, भरल्याची तारीख. दर दिवाळीला चमचाभर कूलंट पांढऱ्या प्लॅस्टिकच्या चमच्यात काढून बघतो. तांबूस दिसला तर दोन वर्षं पुरी व्हायची वाट न बघता बदलतो. मामा अजूनही त्याला सरबतच म्हणतात.