सुपरजेटचा एअरबॉक्स काढायचाय? मग जेटही बदला

जुन्या टू-स्ट्रोक जेट-स्कीचा प्लॅस्टिकचा एअरबॉक्स (हवेचा डबा) काढून तिथे मोकळे फ्लेम अरेस्टर (ज्वाला अडवणाऱ्या धातूच्या जाळ्या) बसवणं हे घरच्या गॅरेजमध्ये जमणारं काम आहे. पान्याचं काम एका सकाळीत उरकतं. खरा वेळ जातो तो कार्ब्युरेटर, म्हणजे त्यातले पेट्रोल मोजून सोडणारे पितळी जेट, वाढलेल्या हवेशी जुळवण्यात, आणि नेमका तोच भाग लोक ‘नंतर बघू’ म्हणून टाळतात. नंतर बघायला मिळतो तो सिलिंडरात पकडलेला, जाम झालेला पिस्टन.

उदाहरणाला यामाहाची सुपरजेट घेऊ. उभं राहून चालवायची ही जेट-स्की 1990 साली बाजारात आली, 1994 मध्ये तिचं इंजिन 701 सीसीचं झालं आणि दोन सिलिंडरचं ते टू-स्ट्रोक इंजिन थेट 2020 पर्यंत टिकलं. 2021 पासूनची सुपरजेट तीन सिलिंडरची फोर-स्ट्रोक आहे, तिच्यासाठी हा लेख नाही. अमेरिकेत जुन्या सुपरजेटना आजही गिऱ्हाईक आहे आणि सुटे भाग सहज मिळतात. 1996 नंतरच्या गाड्यांवर मिकुनीचे जुळे डायफ्रॅम कार्ब्युरेटर असतात. ते घरी उघडता येतात, जुळवताही येतात.

आता मालवण-तारकर्ली किंवा कळंगुट-बागाच्या किनाऱ्यावर भाड्याने गाड्या चालवणाऱ्यांसाठी दोन शब्द. तिथल्या बहुतेक गाड्या फोर-स्ट्रोक, इंधन-इंजेक्शनच्या. त्यांचा कॉम्प्युटर हवा मोजून पेट्रोल सोडतो. एअरबॉक्स काढून तिथे ताकद मिळत नाही, उलट हलच्या (गाडीच्या होडीसारख्या अंगाच्या) आतली गरम हवा इंजिनात जाते. शिवाय धंद्याच्या गाडीला परवाना असतो, विमा असतो आणि मागे बसलेला पर्यटक असतो. तिला हात लावू नका.

डबा तिथे का असतो

एअरबॉक्स तीन कामं करतो: आत आलेलं पाणी वेगळं काढतो, इंजिनाचा खरखराट दाबतो आणि आपल्या पोटात फ्लेम अरेस्टर सांभाळतो. पाण्यावर धूळ नसते, त्यामुळे मोटारीसारखा कागदी फिल्टर इथे नसतो. तो बसवायचाही नाही. भिजला की हवाच बंद.

पहिल्या दोन गोष्टींवर तडजोड करता येते. तिसरीवर नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती हलच्या तळाशी साचते. इंजिनाने कार्ब्युरेटरमधून उलटा भडका फेकला, म्हणजे बॅकफायर केलं, तर ती वाफ पेटते. तुम्ही तिच्याच वर उभे असता. फ्लेम अरेस्टर म्हणजे धातूच्या पट्ट्यांची किंवा जाळीची दाट चौकट. ज्वाला तिच्यातून जाताना धातू तिची उष्णता शोषून घेतो आणि ज्वाला पलीकडे पोचण्याआधी विझते. हंफ्री डेव्हीने 1815 साली खाणकामगारांसाठी जो दिवा केला, त्यातलंच हे तत्त्व. अमेरिकेत 25 एप्रिल 1940 नंतर बसवलेल्या पेट्रोलच्या इनबोर्ड (बोटीच्या आत बसणाऱ्या) इंजिनांना कोस्ट गार्डच्या नियमाने अरेस्टर सक्तीचा आहे. विकत घेताना त्यावर एसएई जे-1928 किंवा यूएल 1111 ही खूण कोरलेली आहे का, ते बघा. मोटारसायकलचा शंकूच्या आकाराचा फोम फिल्टर कितीही देखणा असला तरी तो अरेस्टर नव्हे. ‘रेसिंगवाले तर काहीच लावत नाहीत’ असं सांगणाऱ्याचा सल्ला घेऊ नका.

कायद्याचं आणखी एक. अमेरिकेत या गाड्यांना 1999 मॉडेलपासून उत्सर्जनाचे संघीय नियम लागू आहेत, आणि टाहोसारख्या सरोवरात कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोकला 1999 पासूनच बंदी आहे. आवाजाची मर्यादा राज्यागणिक वेगळी. आपल्या पाण्यावर काय चालतं ते सामान मागवण्याआधी विचारून घ्या.

आधी इंजिनाची तब्येत

आजारी इंजिनावर हा उद्योग करू नये. दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. दोन आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर आधी तो निस्तरा. जमलं तर क्रँककेसची गळती तपासा: इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून आत साधारण अर्धा बार दाब भरायचा आणि काटा खाली येतो का ते बघायचं. जुन्या गाडीच्या क्रँक-सीलमधून चोरून हवा शिरत असेल तर तुम्ही जेट कितीही बदला, हिशेब जुळणार नाही.

सामान फार नाही. कार्बच्या संख्येइतके अरेस्टर आणि त्यांच्या बैठकीच्या प्लेट, नवे गॅस्केट, दोन-तीन आकारांचे मेन आणि पायलट जेट, प्लगचे दोन जोड, निळं लॉकटाइट (बोल्टची आटी धरून ठेवणारा गोंद) आणि पाणी झटकणाऱ्या कापडाच्या टोप्या. या टोप्या अरेस्टरवर चढवायच्या असतात. त्या घ्याच.

पान्याचं काम

गाडी स्टँडवर घ्या, हूड काढा आणि आतली वाफ निघून जाऊ द्या. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा, पेट्रोलचा कॉक बंद करा. गॅरेजचं दार उघडं ठेवा. गिझरचा पायलट बर्नर त्याच खोलीत असेल तर गाडी अंगणात न्या.

एअरबॉक्सचं झाकण काढा, मग आतले बोल्ट, मग तळाचा भाग. बोल्ट सुटताच कार्बच्या तोंडात स्वच्छ चिंधी कोंबा. एक वॉशर आत गेला तर तो क्रँककेसमध्ये जाऊन बसतो आणि मग इंजिन उघडण्याशिवाय इलाज नसतो. चिंधी मोठी घ्या, तिचं टोक बाहेर लोंबत राहू द्या, म्हणजे ती विसरून इंजिन सुरू करायचा प्रसंग येणार नाही.

बैठकीची प्लेट नव्या गॅस्केटसह बसवा. इथले छोटे ॲलन बोल्ट हीच या कामातली सगळ्यात धोकादायक वस्तू. टू-स्ट्रोकची थरथर त्यांना हळूहळू सैल करते आणि सुटलेला बोल्ट सरळ कार्बच्या घशात पडतो. प्रत्येक बोल्टची आटी क्लीनरने पुसून कोरडी करा, निळ्या लॉकटाइटचा एक थेंब लावा, मग आवळा. तेलकट आटीवर लॉकटाइट धरत नाही. कार्बची बॉडी मऊ मिश्रधातूची असते, तेव्हा जोर लावू नका. आटी गेली तर कार्ब गेला.

अरेस्टर बसले की उंची तपासा. कणकेचे दोन गोळे अरेस्टरच्या डोक्यावर ठेवा, हूड लावून हुक अडकवा, पुन्हा काढा. कणीक जिथे पार चपटी झाली तिथे हूड टेकतोय. बोटभर जागा हवी, कारण वरून दाबलेल्या अरेस्टरमधून हवा ओढली जात नाही.

जेट: खरं काम इथे

आरएक्स-100 चा फिल्टर काढून फिरलेल्यांना हे ठाऊक असेल: गाडी आधी हलकी वाटते, आवाज भारी येतो आणि प्लग उघडला तर पांढरा फटक. इथेही तेच, फक्त परिणाम जास्त वाईट. मोटारसायकल गिअर बदलताना, उतारावर, सिग्नलला श्वास घेते. जेट-स्कीचा पंप इंजिनाला सतत लोडखाली ठेवतो. त्यात टू-स्ट्रोकचं वंगण पेट्रोलमधूनच येतं, म्हणजे पेट्रोल कमी पडलं की तेलही कमी. मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) झालेलं इंजिन पकडायच्या आधी उत्तम पळतं. त्यामुळे ‘मस्त चाललीय’ हा पुरावा धरू नका.

पूर्ण जाळण्यासाठी एक भाग पेट्रोलला वजनाने 14.7 भाग हवा लागते. पूर्ण थ्रॉटलवर मात्र अशा इंजिनाला 13 किंवा त्याहून कमी हवा द्यायची, जेणेकरून जास्तीचं पेट्रोल आतला ताप उतरवेल.

मिकुनीच्या या कार्बमध्ये थ्रॉटलच्या चार टप्प्यांवर हात घालता येतो. सुस्त चालीला लो-स्पीड स्क्रू, थ्रॉटल थोडा उघडेपर्यंत पायलट जेट आणि पॉप-ऑफ दाब (पेट्रोलची सुई ज्या दाबाला उघडते तो), मधल्या पट्ट्यात मेन जेट, आणि पूर्ण उघड्यावर मेन जेटच्या जोडीला हाय-स्पीड स्क्रू. दोन्ही स्क्रू पेट्रोलचे आहेत: बाहेर काढला की रिच (पेट्रोल जास्त), आत घातला की लीन. सुरुवात करण्याआधी प्रत्येक स्क्रू हलक्या हाताने आत टेकेपर्यंत फिरवा, किती फेरे झाले ते मोजा आणि लिहून ठेवा. टेकला की थांबा. जोर केलात तर सुईचं टोक आणि तिची बैठक दोन्ही बिघडतात, आणि पुढची सगळी मोजणी खोटी पडते.

जेट बदलायला कार्ब काढून डायफ्रॅमचं झाकण उघडा. आत पितळी जेट दिसतील, त्यांवर आकडा असतो. जुळेल असाच स्क्रू-ड्रायव्हर वापरा, कारण जेटची खाच मऊ असते. डायफ्रॅम प्रकाशात धरून ताणून बघा, ताठरलेला किंवा भोक पडलेला असेल तर बदला. पंपाच्या बाजूला एक बारीक जाळी असते, तिच्यात वर्षानुवर्षांचा गाळ सापडतो. ती धुऊन घ्या. झाकणावरचं हवेचं भोक बुजू देऊ नका.

कोणता आकडा? किटच्या कागदावर सुरुवातीचा आकार दिलेला असतो. त्याहून एक टप्पा मोठा मेन जेट घालून सुरुवात करा आणि तिथून खाली या. रिचकडून लीनकडे येताना फार तर प्लग काळा होतो. उलट दिशेने गेलात तर पिस्टन जातो.

हवामानही धरा. थंड हवा दाट असते, म्हणून मेच्या उन्हात नीट जुळवलेली गाडी डिसेंबरच्या सकाळी लीन असते. इथेनॉलनेही मिश्रण लीन होतं. अमेरिकेत साधारण 10 टक्के, भारतात आता पंपावर 20 टक्के इथेनॉल असतं, त्यामुळे परदेशी तक्त्यातला जेट इथे जसाच्या तसा चालेल असं समजू नका. आणि काळजीपोटी तेल वाढवू नका. 50:1 म्हणजे लिटरला 20 मिली. तेल वाढवलं की त्याच जेटमधून पेट्रोल कमी जातं, म्हणजे पुन्हा लीनच.

सुरू करताना

आधी नाक आत घालून वास घ्या. पेट्रोलचा वास येत असेल तर बटण दाबायचं नाही. पाण्याशिवाय इंजिन पंधरा सेकंदांहून जास्त चालवू नका. बागेचा पाइप लावून चालवायचं असेल तर क्रम असा: आधी इंजिन सुरू, मग पाणी, बंद करताना आधी पाणी, मग इंजिन. चुकीच्या क्रमाने एक्झॉस्टमधलं पाणी सिलिंडरात शिरतं. एका हाताने किल-स्विचची दोरी ओढून इंजिन लगेच बंद होतं का, हेही इथेच तपासून घ्या.

पाण्यावर

एकटे जाऊ नका. दुसरी गाडी किंवा होडी सोबत हवी, कारण चाचणीत इंजिन मुद्दाम बंद करायचं आहे, आणि जेट-स्कीचं इंजिन बंद म्हणजे वळणंही बंद. समोर लांबवर मोकळं पाणी असल्याशिवाय हे करू नका.

इंजिन गरम झालं की आधी सुस्त चाल आणि पहिला ओढा बघा. थ्रॉटल दिल्यावर दम लागल्यासारखं थांबून मग उचललं तर सहसा लीन. फडफडत, धूर सोडत उचललं तर रिच. लो-स्पीड स्क्रू पाव-पाव फेऱ्याने हलवा. पायलटवर समाधान झालं की मेन.

मग नवे प्लग लावा. सुपरजेटला एनजीकेचे बीआर8एचएस लागतात, फट 0.6 ते 0.7 मिमी. सरळ रेषेत पूर्ण थ्रॉटलवर काही सेकंद पळा, मग दोरी ओढा आणि त्याच क्षणी थ्रॉटल सोडा. हळूहळू वेग कमी करत थांबलात तर प्लगवर सुस्त चालीचा रंग चढतो आणि चाचणी वाया जाते. प्लग काढून चिनीमातीच्या मुळाशी बघा, टोकाशी नाही. तिथे तपकिरी कडं हवं. स्वच्छ पांढरं दिसलं तर तिथेच थांबा आणि मोठा जेट घाला, ‘किनाऱ्यापर्यंत हळू जातो’ म्हणू नका. ओलं काळं असेल तर एक टप्पा खाली.

प्लगच्या भोकातून टॉर्चने पिस्टनचं डोकंही बघा. ट्रान्स्फर पोर्टसमोर (सिलिंडरात मिश्रण आणणाऱ्या खिडक्यांसमोर) काजळी धुऊन निघालेले उजळ पट्टे दिसले तर पेट्रोल पोचतंय. सगळं डोकं कोरडं, एकसारखं आणि फिकट असेल तर लीन. मला प्लगपेक्षा या पट्ट्यांचा भरवसा जास्त वाटतो, आजच्या पेट्रोलमध्ये प्लगचा रंग फसवतो. दोन्ही सिलिंडर वेगवेगळे वाचा. मागचा आणि पुढचा सारखेच असतील असं नाही.

शेवटी हाय-स्पीड स्क्रू अगदी थोडा बाहेर ठेवा. लाटेवरून उडी मारताना पंप पाण्याबाहेर येतो आणि इंजिन एकदम भोवंडतं, त्या क्षणासाठी ही शिल्लक.

फरक किती पडेल? ओढ चटकन जाणवेल, आवाज नको इतका जाणवेल. टॉप स्पीड मात्र फारसा वाढत नाही. फक्त तेवढ्यासाठी हे करणार असाल तर पैसे आधी पंप आणि इम्पेलरवर (पंपातल्या पंख्यावर) घाला.

उलटली तर

एअरबॉक्स नसल्यामुळे आता पाणी आत जायला वाट मोकळी आहे. उलटलेली गाडी सरळ करताना मागच्या लेबलवरच्या बाणाच्याच दिशेने फिरवा. लगेच सुरू झाली नाही तर स्टार्टर घासत बसू नका. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड मात्र वाकतो. किनाऱ्यावर आणा, दोन्ही प्लग काढा, किल-स्विचची दोरी काढलेली ठेवा. ठिणगी बंद ठेवून पाणी उडायचं थांबेपर्यंत इंजिन फिरवण्याची पद्धत मॅन्युअलमध्ये असते, ती पाळा. मग नवे प्लग लावून त्याच दिवशी इंजिन पाण्यावर नीट तापेपर्यंत चालवा. खाऱ्या पाण्यात भिजलेलं क्रँक एका रात्रीत गंजायला लागतं.

कापडाच्या टोप्या दर वेळी गोड्या पाण्याने धुऊन वाळवा, आणि पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर अरेस्टरचे बोल्ट पुन्हा एकदा पान्याने बघा.