शिरोरेखा सरळ येईपर्यंत

पहिल्या यंत्रावर मी घराची पाटी कोरली तेव्हा अक्षरं वाचता येत होती, पण शिरोरेखा बिघडली होती. डाव्या टोकाला जाड, मधे बारीक, शेवटच्या अक्षराजवळ किंचित खाली उतरलेली. सुट्या अक्षरांच्या लिपीत एवढी चूक खपून गेली असती. देवनागरीत आख्ख्या शब्दावरून एकच रेघ जाते आणि डोळा आधी तिथेच थांबतो. म्हणून घरी सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या आकड्यांवर चालणारं कोरणीचं यंत्र, बांधायला निघालेल्या प्रत्येकाला मी सांगतो, यंत्र कसं झालंय हे बघायचं असेल तर आपल्या आडनावाची पाटी कोरून बघा.

मी सोलापुरात टॉवेलच्या एका कारखान्यात डिझाइनचं काम करतो. वडील यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून चालते ठेवणारे, होते, त्यामुळे पाने-पक्कडी घरात होत्या. पण इंजिनिअरिंगचं शिक्षण माझ्याकडे नाही. तुमच्याकडेही नसेल तर अडत नाही. यंत्राला आकडे देऊन चालवायचं ही कल्पना तर आपल्या गावात जुनीच आहे. चादरीवरची नक्षी जेकार्डवर विणताना पुठ्ठ्यांची माळ फिरते. पुठ्ठ्याला भोक असेल तिथला हुक वर जातो आणि ताण्याचे धागे उचलतो, भोक नसेल तिथे धागे खालीच राहतात. फ्रान्समधल्या जाकार यांनी १८०४ च्या सुमारास ही रचना आणली. पुढे १९५२ मध्ये अमेरिकेत एमआयटीत अंकांवर चालणारं पहिलं मिलिंग यंत्र दाखवलं गेलं, तेही भोकं पाडलेल्या पट्टीवरच चालत होतं. जी-कोड हे त्याच पुठ्ठ्यांचं आजचं रूप. कुठे जायचं, किती वेगाने जायचं, एवढंच त्यात एकेका ओळीत लिहिलेलं असतं. मला तो दोन रविवारांत समजला. सांगाडा समजायला दीड वर्ष गेलं.

पहिलं यंत्र मी एमडीएफच्या, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या, फळ्यांचं केलं होतं. १२ मिलिमीटर जाडीचे दोन गोल शाफ्ट, फक्त टोकांना धरलेले, मधे ६०० मिलिमीटर अधांतरी. पुढेमागे सरकवायला हार्डवेअरच्या दुकानातला ८ मिलिमीटरचा आट्यांचा रॉड. सगळे पैसे आणि सगळा उत्साह मोटर आणि बोर्डवर गेला होता. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एक टर्नर आहेत, वडिलांच्या ओळखीचे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. त्यांना यंत्र दाखवायला घरी आणलं. त्यांनी सुरू करायला सांगितलंच नाही. स्पिंडलच्या, म्हणजे कटर फिरवणाऱ्या मोटरच्या, जागी अंगठा टेकवून दाबला, शेजारी बारीकशी हालचालही काट्यावर दाखवणारा डायल गेज लावला आणि म्हणाले, "हे हलतंय बे. आधी हे हलायचं थांबव, मग मोटरचं बघ."

काटा अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे गेला होता. नंतर मी हिशेब करून पाहिला तर तेवढंच यायला हवं होतं. अधांतरी दांड्याचा वाक लांबीच्या घनाप्रमाणे वाढतो, म्हणजे लांबी दुप्पट केली की वाक आठपट. आणि गोल दांड्याचा व्यास दुप्पट केला की वाक सोळाव्या हिश्श्यावर येतो. हे दोन नियम सुरू करण्याआधी कुणी सांगितले असते तर माझे नऊ हजार रुपये वाचले असते. नवख्यांना मी पहिल्यांदा हेच समजावतो, कारण सगळ्यांचं स्वप्न चार फूट बाय चार फुटांच्या यंत्राचं असतं. पाट्या, देव्हाऱ्याची जाळी, खेळणी, घड्याळं एवढं करायचं असेल तर लहान करा. माझ्या दुसऱ्या यंत्राचा पल्ला ३२० बाय ४२० मिलिमीटर आहे आणि कोरायचं एकही काम त्याच्यामुळे अडलेलं नाही. उंचीही हात आखडून ठेवा. गँट्रीखाली, म्हणजे स्पिंडल वाहून नेणाऱ्या कमानीखाली, ७०-८० मिलिमीटर मोकळी जागा पुरते. ती जितकी वाढेल तितका कटरचा जोर लांब दांडीने उपटल्यासारखा सांगाड्यावर येतो.

दुसऱ्या वेळी सांगाडा ॲल्युमिनियम एक्स्ट्रूजनचा, म्हणजे खाचा असलेल्या तयार पट्ट्यांचा केला, ४०४० आणि ४०८० मापाचा (४० बाय ४० आणि ४० बाय ८० मिलिमीटर), बोल्टने जोडलेला. लोखंडी चौकोनी पाइप वेल्ड करून घेणं स्वस्त पडतं, पण वेल्डिंगच्या उष्णतेने पाइप ओढला जातो आणि रेल बसायची जागा सपाट राहत नाही. मग ती मिलिंगवर मारून घ्यावी लागते. मी वेल्डिंग फक्त खालच्या टेबलापुरतं ठेवलं. गोल शाफ्टऐवजी चौकोनी रेल घेतल्या, पूर्ण लांबीभर खालून आधार असलेल्या. आट्यांच्या रॉडऐवजी १६०५ बॉलस्क्रू, म्हणजे १६ मिलिमीटर जाड आणि एका फेऱ्यात ५ मिलिमीटर पुढे जाणारा. गँट्रीच्या दोन बाजूच्या प्लेटा अण्णांनी १२ मिलिमीटर ॲल्युमिनियमच्या काढून दिल्या. दोन्ही एकावर एक ठेवून एकदमच ड्रिल केल्या, म्हणजे भोकं जुळण्याचा प्रश्नच उरला नाही. ही युक्ती कुठल्याही जोडीच्या भागाला लागू पडते.

रेल बसवताना घाई करू नका. आधी एक रेल सरळ पट्टीला लावून पक्की करायची. दुसरीचे बोल्ट ढिले ठेवायचे, गँट्री या टोकापासून त्या टोकापर्यंत हाताने फिरवायची आणि ती जिथे असेल तिथले बोल्ट आवळत जायचं. शेवटी बोटाने ढकललं तरी सगळीकडे सारखीच सरकली पाहिजे. कुठे जड लागली तर सोडून पुन्हा. मला तीन संध्याकाळी लागल्या.

मग काटकोन. सुताराच्या गुण्याने लावला आणि समाधान मानलं, ही माझी चूक. गुण्या लहान असतो, यंत्र मोठं. खरी परीक्षा कटरनेच घ्यायची. एमडीएफवर एक भोक शून्यावर, दुसरं एक्सवर ३००, तिसरं वायवर ४०० अंतरावर पाडा. मग कर्ण मोजा, तो ५०० यायला हवा. माझा ५०१ आला होता. एकच मिलिमीटर वाटतो, पण त्याचा अर्थ ३०० मिलिमीटरमागे सव्वा मिलिमीटर तिरकं. चौकटीचे बोल्ट सोडून, एका कोपऱ्यात रबरी हातोडीने हलकं ठोकत, पुन्हा आवळत तो ५०० वर आणला.

विजेच्या भागात निवड सोपी आहे. आर्डुइनो उनो या छोट्या बोर्डावर जीआरबीएल हे जी-कोड वाचणारं सॉफ्टवेअर टाकायचं. ते फुकट आहे आणि भरवशाचं आहे. मोटर नेमा २३ मापाची स्टेपर, म्हणजे पावलापावलाने फिरणारी, घ्या. हा २३ आकडा ताकदीचा नसून तोंडाच्या मापाचा असतो, २.३ इंच; दुकानात हे माहीत नसलं की गोंधळ होतो. मी १९ किलो-सेंटिमीटरच्या आसपासच्या मोटरी, त्यांना पावलांप्रमाणे वीज देणारे डीएम५४२ ड्रायव्हर आणि ३६ व्होल्टचा पुरवठा वापरला. मोटर एका फेऱ्यात २०० पावलं टाकते, ड्रायव्हरवर आठ भाग केले तर १६००. स्क्रू ५ मिलिमीटर जातो, म्हणून एका मिलिमीटरला ३२० पावलं. हा आकडा गणिताने येतो, तो अंदाजाने ढकलू नका. १०० मिलिमीटर सांगितल्यावर ९९.७ आणि २०० सांगितल्यावर १९९.४ जात असेल, तरच पावलांचा आकडा चुकलेला आहे. दिशा उलटवल्यावर १०० ला ९९.७ आणि २०० ला १९९.७ येत असेल, म्हणजे तूट तेवढीच राहत असेल, तर तो खेळ, म्हणजे सांध्यातला ढिलेपणा आहे. नट, बेअरिंग नाहीतर कपलर ढिला. तिथे आकडे बदलून काही होत नाही, पाना घ्यावा लागतो.

चालू ड्रायव्हरची मोटरची वायर कधीही काढू नका. माझा एक ड्रायव्हर असाच गेला. लाल मशरूम बटण सगळ्यात आधी जोडा, स्पिंडल आणि मोटरी दोन्हीचा पुरवठा तोडणारं. स्पिंडलचा व्हीएफडी, म्हणजे त्याचा वेग ठरवणारा वीज-नियंत्रक, बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये काही मिनिटं वीज असते, लगेच झाकण उघडू नका. आणि मिनिटाला २४ हजार फेऱ्यांच्या स्पिंडलला ४०० हर्ट्झ लागतात. व्हीएफडीच्या सेटिंगमध्ये मूळ वारंवारता ५० वर राहिली तर कमी वेगात जास्त व्होल्टेज जाऊन स्पिंडल जळतो. पहिल्यांदा फिरवण्याआधी ही सेटिंग दोनदा वाचा.

मला सगळ्यात जास्त छळलं ते अलार्मने. स्पिंडल बंद असताना यंत्र नीट चाले, सुरू केला की दहा सेकंदांत थांबून लिमिट स्विच, म्हणजे अक्षाच्या टोकाचं बटण, दाबल्याचा अलार्म देई. स्विचला कुणी हात लावलेला नसे. दोन स्विच बदलले, बोर्ड बदलला. दोष होता व्हीएफडीच्या विद्युत गोंगाटात. स्पिंडलची केबल आणि स्विचच्या वायरी मी एकाच पाइपातून नेल्या होत्या, आणि आमच्या जुन्या वाड्यात अर्थिंग नावालाच होतं. इलेक्ट्रिशियनकडून नवं अर्थिंग करून घेतलं, यंत्राचा सांगाडा त्याला जोडला, स्पिंडलला शील्ड असलेली केबल घातली, स्विचच्या वायरी दुसऱ्या बाजूने नेल्या आणि मधे ऑप्टोकपलर, म्हणजे सिग्नल उजेडाने पलीकडे देणारा भाग, टाकला. अलार्म गेला तो गेलाच. जुन्या पेठेत राहत असाल तर अर्थिंगचा खर्च यंत्राच्याच खर्चात धरा.

सोलापूरच्या उन्हाळ्याचाही विचार करा. माझं यंत्र पत्र्याच्या खोलीत आहे. थ्रीडी प्रिंटरवर काढलेला पीएलए प्लास्टिकचा मोटर माउंट एप्रिलमध्ये वाकला. पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि चालू स्टेपर मोटर एरवीही हात लावता येणार नाही इतकी तापते. मोटरजवळ प्लास्टिक नको. लाइट गेली तर काम मधेच थांबतं; त्यासाठी यंत्राला त्याची सुरुवातीची जागा शोधून देणारे होमिंग स्विच लावाच. जी५४ चा, म्हणजे कामाचा, शून्यबिंदू बोर्डात साठून राहतो, त्यामुळे लाइट आल्यावर होमिंग केलं की यंत्राला पुन्हा तीच जागा सापडते. मग कटर वर उचलून, स्पिंडल सुरू करून, थांबलेल्या ओळीच्या थोडं आधीपासून चालवायचं.

कापताना नवखा माणूस घाबरून हळू जातो, आणि लाकूड काळं पडतं. कटरच्या प्रत्येक धारेने लाकडाचा खरा तुकडा उचलला पाहिजे. १८ हजार फेरे, दोन धारा आणि मिनिटाला ३०० मिलिमीटर वेग, म्हणजे प्रत्येक धारेच्या वाट्याला एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी. ती कापत नाही, घासते, तापते, बोथट होते. १२ हजार फेरे आणि १२०० मिलिमीटर ठेवा, तुकडा ०.०५ मिलिमीटरचा होतो. भुसा पिठासारखा आला तर वेग वाढवा, किसासारखा आला तर ठीक. ६ मिलिमीटरच्या कटरला एका वेळी ३ मिलिमीटरपेक्षा खोल घालू नका. एमडीएफची धूळ फुफ्फुसाला वाईट, मास्क आणि व्हॅक्यूम हवाच. हातमोजे मात्र घालायचे नाहीत, कटर ते ओढून घेतो.

आता पाटी. व्ही आकाराच्या ९० अंशांच्या कटरने कोरताना रेघेची रुंदी खोलीच्या दुप्पट असते. फळी एका टोकाला ०.२ मिलिमीटर वर असेल तर तिथे शिरोरेखा ०.४ मिलिमीटरने जाड होते. माझ्या पहिल्या पाटीचं डावं टोक जाड का झालं, ते हे. म्हणून यंत्राच्या बेडवर, म्हणजे फळी ठेवायच्या पाटावर, एमडीएफ बसवायचा आणि यंत्राकडूनच तो वरून तासून घ्यायचा. मग बेड आणि कटरची वाट एकमेकांना समांतर होतात.

फाइल करतानाही देवनागरीची एक अडचण आहे. इंकस्केप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये शब्द लिहून त्याच्या बाह्यरेषा केल्या की प्रत्येक अक्षराची शिरोरेखा शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. डोळ्याला दिसत नाही, पण कटर त्या दोन्ही रेषांवरून जातो आणि अक्षरांच्या सांध्यावर उभ्या चिरा पडतात. सगळी अक्षरं निवडून युनियन करा, शब्द एकसंध होतो. काना, मात्रा आणि रफारही त्यातच जोडले गेलेत ना, हे मोठं करून तपासा.

खर्च विचाराल तर दुसऱ्या यंत्राला मला साधारण ७० हजार रुपये लागले, तेही दर महिन्याला एकेक भाग घेत. त्यात स्पिंडल आणि व्हीएफडी सगळ्यात महाग. हात आखडायचाच असेल तर सुरुवातीला सुताराचा ट्रिमर बसवा आणि स्पिंडल पुढे घ्या. रेल आणि स्क्रूमध्ये काटकसर करू नका. घरात असो नसो, डायल गेज विकत घ्या.

गेल्या संक्रांतीला गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेची सुट्टी होती, तेव्हा अण्णांच्या दुकानासाठी पाटी कोरली. सागवान, दोन ओळी. त्यांनी ती हातात घेतली, स्टीलची पट्टी शिरोरेखेला लावली आणि उजेडाकडे धरून पाहिली. पट्टीखालून कुठेच फट दिसत नव्हती. मी काही बोलायच्या आत त्यांनी खालच्या ओळीवर बोट ठेवलं. "हा 'ठ' बघ. गोल नाही, लांबट आहे."

घरी येऊन एक्स अक्षाला डायल गेज लावला. दिशा उलटवली की काट्याला हलायला उशीर होत होता. स्क्रूच्या टोकाचा बेअरिंग ब्लॉक उघडला, त्याचा लॉक नट पाव फेरा ढिला झाला होता.