सोफा ओरबाडणारी मनी आणि काथ्याचा खांब
आमच्या मनीने सोफ्याची कड ओरबाडून आतला स्पंज बाहेर काढला, तेव्हा मी तिच्यावर पाणी फवारले. परिणाम एवढाच की ती मला टाळू लागली. नखांवरचे जुने आवरण गळावे, अंग ताणले जावे आणि पंजांतील ग्रंथींचा गंध मागे राहावा, यासाठी मांजर ओरबाडते, हे मला उशिरा कळले. तिला ओरबाडण्यासाठी विकत आणलेला खांब जेमतेम दीड फुटाचा आणि डुगडुगणारा असल्याने तिने तो नाकारला होता. मग जड फळीवर तीन फुटांचा लाकडी खांब घट्ट बसवून त्यावर काथ्याचा दोर गुंडाळला आणि तो कोपऱ्यात न ठेवता सोफ्यालगतच उभा केला, कारण झोपेतून उठल्यावर ती तिथेच आळस देत असे. आठवड्याभरात ती खांबाकडे वळली. सोफा मात्र अजून उसवलेलाच आहे.