शेंगांची आमटी पातेल्याला लागली तर
सोलापुरी आमटीतलं शेंगांचं कूट जड, ढवळायला जरा उशीर झाला की तळाशी बसून करपतं. लगेच तारेची घासणी घेऊ नका. स्टीलवर चरे पडले की पुढची आमटी नेमकी तिथेच धरते. वरची आमटी काढून घ्या, पातेलं निवू द्या, मग अर्धा लिटर पाणी आणि २ चहाचे चमचे खायचा सोडा घालून मंद आचेवर १० मिनिटं उकळा. फेस भराभर वर चढतो, म्हणून पातेलं अर्ध्याच्या वर भरू नका. कोमट झाल्यावर लाकडी उलथन्यानं कडेकडेनं ढकललं की काळी पापडी सुटते. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात मात्र सोडा अजिबात नको, ते काळं पडतं. तिथे चिंचेचं पाणी उकळा.