शुद्ध सुक्रालोजची पूड लहान कारखान्यात कशी हाताळावी आणि कशी साठवावी

बिनसाखरेचे पेढे, बर्फी, सरबते किंवा बिस्किटे बनवणाऱ्या लहान उत्पादकाकडे शुद्ध सुक्रालोज (साखरेऐवजी वापरला जाणारा कृत्रिम गोडवा) बहुधा किलोच्या पाकिटात येते आणि साखर, मिल्क पावडर, खाण्याचा सोडा यांच्याच फळीवर जाऊन बसते. माझ्या मते बहुतेक गोंधळाची सुरुवात इथेच होते. चहात टाकण्यासाठी मिळणाऱ्या छोट्या पुड्यांमध्ये माल्टोडेक्स्ट्रिनसारखा भरीचा पदार्थ भरपूर असतो, त्यामुळे तिथे थोडे इकडेतिकडे झाले तरी खपून जाते. शुद्ध पूड मात्र साखरेच्या सुमारे ६०० पट गोड असते, आणि पुढील सर्व सूचना या शुद्ध पुडीसाठी आहेत.

या ६०० पटीचा अर्थ आधी नीट समजून घ्यावा. एक किलो साखरेच्या गोडव्यासाठी साधारण १.६७ ग्रॅम पूड पुरते. दुकानातला काटा एक ग्रॅमपर्यंतच मोजत असेल आणि त्याच्या आकड्यात एका ग्रॅमचा फरक पडला, तर गोडव्यात साठ टक्के चूक होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सुक्रालोजचे रोजचे स्वीकार्य सेवन शरीराच्या दर किलो वजनामागे ५ मिलिग्रॅम, तर खाद्य व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने १५ मिलिग्रॅम मानले आहे. म्हणजे साठ किलोच्या माणसासाठी अनुक्रमे ३०० आणि ९०० मिलिग्रॅम. ही मर्यादा आयुष्यभराच्या रोजच्या सेवनासाठी आखलेली आहे, त्यामुळे एखाद्या दिवशी ती ओलांडली म्हणून विषबाधा होत नाही. तरीही नीट न मिसळलेल्या बर्फीच्या एका वडीत ग्रॅमभर पुडीची गुठळी जाणे हे ग्राहकाच्या विश्वासाशी खेळणे आहे. म्हणून ही पूड चमच्याने, चिमटीने किंवा अंदाजाने कधीही घेऊ नये.

वजनासाठी ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा घ्यावा आणि प्रमाणित वजन ठेवून तो रोज काम सुरू करण्यापूर्वी पडताळावा. काटा पंख्याखाली किंवा खिडकीसमोर ठेवू नये, कारण वाऱ्याच्या झुळकीने आकडा हलतो आणि पूडही उडते. प्लास्टिकच्या वाटीत स्थिर विजेमुळे बारीक कण कडांना चिकटून बसतात आणि वाटी उलटी केली तरी काही भाग आतच राहतो. स्टीलची किंवा काचेची लहान वाटी वापरली म्हणजे ही अडचण बरीच कमी होते. वजन एकाने करावे, आकडा दुसऱ्याने पाहावा आणि वहीत तारीख, बॅच क्रमांक व वजन लिहून दोघांनी सही करावी.

कोरडी पूड थेट मोठ्या घाण्यात टाकण्यापेक्षा तिचे द्रावण करणे हा मला सर्वांत सुरक्षित मार्ग वाटतो. दहा ग्रॅम पुडीत उकळून गार केलेले पाणी घालून एकूण वजन एक किलो केले, की एक टक्क्याचे द्रावण तयार होते आणि त्याचे १६७ ग्रॅम म्हणजे एक किलो साखरेचा गोडवा. अशा वेळी वजनातली ग्रॅमभराची चूक जवळजवळ नगण्य ठरते. भांड्यात आधी निम्मेअधिक पाणी घ्यावे, पूड हळूहळू सोडावी, वाटी त्याच पाण्यातल्या थोड्या भागाने खंगाळून ते पाणीही भांड्यातच ओतावे आणि मग वजन पूर्ण करावे. द्रावण त्याच दिवशी संपवावे. शिळ्या द्रावणात बुरशी आणि जिवाणू वाढू शकतात. पाणी चालतच नसेल अशा कोरड्या मिश्रणात औषधनिर्माते करतात तसे दुपटीने वाढवत मिसळावे: दहा ग्रॅम पुडीत दहा ग्रॅम मिल्क पावडर, मग त्या वीस ग्रॅममध्ये आणखी वीस, मग चाळीसमध्ये चाळीस, आणि शेवटी सारे चाळून घ्यावे.

हाताळणीतला खरा त्रास धुळीचा आहे. पाकीट उघडल्यावर काही वेळाने खोलीतल्या माणसाला ओठांवर गोड चव जाणवू लागली, तर पूड हवेत पसरली आहे असे खुशाल समजावे. श्वासावाटे गेलेली कोणतीही बारीक पूड नाकाघशाला त्रास देते, म्हणून नाकातोंडावर घट्ट बसणारा एन-९५ मास्क, डोळ्यांना चष्मा आणि हातात नायट्राइलचे मोजे असावेत. पाकीट झटकू नये, उंचावरून ओतू नये आणि सांडलेली पूड कॉम्प्रेसरच्या हवेने कधीही उडवू नये. हवेत दाट पसरलेली सेंद्रिय पदार्थांची बारीक धूळ ठिणगीने भडकू शकते. किलोभर पुडीच्या कामात हा धोका फार लहान असला, तरी पेटती शेगडी ज्या खोलीत आहे तिथे वजनाचे काम करू नये.

काम संपल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय कोणत्याही खाद्यपदार्थाला स्पर्श करू नये. १८७९ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कॉन्स्टंटिन फालबर्ग यांना सॅकरीन या दुसऱ्या कृत्रिम गोड पदार्थाचा गोडवा कळला तो प्रयोगशाळेतून हाताला चिकटून आलेली पूड जेवताना तोंडात गेल्यामुळे. शास्त्राच्या इतिहासात हा भाग्ययोग ठरला, पण कारखान्यात असाच हात साध्या पेढ्याच्या परातीत गेला, तर ज्या मालाच्या लेबलवर कृत्रिम गोडवा नमूद नाही त्यात तो शिरतो. म्हणून सुक्रालोजचे चमचे, चाळणी आणि फडकी वेगळ्या रंगाची ठेवावीत, आणि बिनसाखरेचा माल शक्यतो दिवसाच्या शेवटी करावा.

आता साठवण, आणि इथे जरा जास्त लक्ष द्यावे लागते. सुक्रालोज फारसे ओलावा शोषून घेत नाही, त्यामुळे पावसाळ्यात ते टिकले म्हणजे कायमचे टिकले असा समज होतो. प्रत्यक्षात त्याचा मोठा शत्रू उष्णता आहे. द्रावणात आणि पदार्थात बऱ्यापैकी टिकाऊ असलेले हे संयुग कोरड्या पुडीच्या रूपात मात्र दीर्घकाळ उष्ण जागी राहिले, तर हळूहळू विघटित होते. त्याच्या रेणूत क्लोरीनचे तीन अणू असतात. विघटन सुरू झाले की हायड्रोक्लोरिक आम्ल बाहेर पडते आणि ते आम्ल पुढच्या विघटनाला हातभार लावते. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात बाहेरच पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. पत्र्याच्या शेडमधल्या पोटमाळ्यावर तो त्याहून वर असतो, आणि नेमकी तिथेच कच्च्या मालाची कोठी केलेली असते. पूड २५ अंश सेल्सियसच्या खाली राहील अशी जागा शोधावी. वातानुकूलित खोली नसेल तर तळमजल्यावरचे, जाड भिंतींचे, भट्टीपासून दूरचे बंद कपाट निवडावे आणि त्यात दिवसाचे कमाल तापमान नोंदवणारा तापमापक ठेवावा.

बिघाड ओळखण्यासाठी माल येताच चमचाभर पूड काचेच्या घट्ट झाकणाच्या कुपीत भरून थंड जागी नमुना म्हणून ठेवावी. दर महिन्याला चालू पाकिटातली थोडी पूड पांढऱ्या कागदावर त्या नमुन्याशेजारी ठेवून दिवसाच्या उजेडात पाहावी. शुभ्र पांढऱ्याऐवजी किंचित तपकिरी, करडी किंवा गुलाबी झाक दिसली, पाकीट उघडताना आंबट, नाकाला झोंबणारा वास आला, किंवा एक ग्रॅम पूड नऊ ग्रॅम ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवल्यावर पीएच कागदावरचे मूल्य पुरवठादाराच्या विश्लेषण प्रमाणपत्रातील मर्यादेपेक्षा खाली गेले, तर तो माल वापरू नये. चांगल्या पुडीत मिसळून तो संपवण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा.

मोठे पाकीट रोज उघडण्याऐवजी एकदाच कोरड्या दिवशी उघडून त्याच्या शंभर-शंभर ग्रॅमच्या अॅल्युमिनियमच्या थराच्या पिशव्या कराव्यात. प्रत्येकीवर पदार्थाचे नाव, बॅच क्रमांक, वापराची अंतिम तारीख, उघडल्याची तारीख आणि "शुद्ध, ६०० पट गोड, वजन करूनच घ्यावे" ही ओळ मोठ्या अक्षरांत लिहावी. फ्रिजमध्ये ठेवलेली पिशवी बाहेर काढताच उघडू नये. ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत बंदच ठेवावी, नाहीतर हवेतली वाफ गार पुडीवर जमते आणि गुठळ्या होतात. शेजारी सायट्रिक आम्ल, व्हिनेगर, ब्लीचिंग पावडर किंवा मसाले ठेवू नयेत. त्याच कपाटात अॅस्पार्टेम हा दुसरा कृत्रिम गोडवा असेल तर त्याचा खण वेगळा असावा, कारण ते फेनिलकीटोन्यूरिया हा जन्मजात चयापचयाचा विकार असलेल्या रुग्णांना वर्ज्य आहे आणि लेबलवर तसा इशारा द्यावा लागतो. शिवाय ओलाव्याने ते लवकर बिघडते.

जर्मनीच्या जोखीम मूल्यांकन संस्थेने २०१९ साली सुक्रालोज १२० अंशांच्या वर तापवल्यास क्लोरीनयुक्त हानिकारक संयुगे तयार होऊ शकतात असे नमूद केले होते. त्यामुळे तळणीत किंवा कोरड्या भाजणीत ते घालू नये. पदार्थ आचेवरून उतरवून कोमट झाल्यावर द्रावण मिसळावे. कोणत्या पदार्थात किती प्रमाण चालते ते भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या चालू नियमांत पाहूनच पाककृती ठरवावी.

पूड डोळ्यांत गेली तर वाहत्या स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटे डोळे धुवावेत आणि चुरचुर थांबली नाही तर डॉक्टरांना दाखवावे. जमिनीवर सांडली तर कोरड्या झाडूने न लोटता आधी ओल्या फडक्याने टिपावी. विरघळलेल्या पुडीने फरशी निसरडी होते, म्हणून जागा पुन्हा पुसून कोरडी करावी. पुडीच्या साठ्याला आग लागल्यास निघणाऱ्या धुरात हायड्रोजन क्लोराइड असते, तेव्हा खोली रिकामी करून अग्निशमन दलाला पुडीचे नाव सांगावे. खराब माल मोरीत किंवा गटारात सोडू नये, कारण सांडपाण्याच्या शुद्धीकरण केंद्रांत सुक्रालोज फारसे मोडत नाही आणि जसेच्या तसे नदीत पोहोचते. तो बंद पिशवीत "खाण्यास अयोग्य" असे लिहून वेगळा ठेवावा आणि पुरवठादाराकडे परत करावा किंवा अधिकृत कचरा व्यवस्थापन संस्थेच्या हवाली करून त्याची पावती वजनाच्या वहीला जोडावी.